रामटेकवाल्याले रातची गाडी नाही

२० फेब्रुवारी १९८९, सोमवार

पुण्याहून पत्र आलं. इंग्रजीत, गोड गोड, आणि शेवटच्या परिच्छेदात सुरा! आमच्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावायचं जे व्हर्जन आहे ते ३१ मार्चपासून बंद. बंद म्हणजे मशीन बंद पडणार नाही — पण बिघडलं तर माणूस येणार नाही, फोनवर कुणी बोलणार नाही, आणि दर मार्चला नव्या वर्षाच्या तारखांची फ्लॉपी यायची तीही येणार नाही. ती फ्लॉपी घातल्याशिवाय एक एप्रिलचा ड्यूटी चार्ट निघतच नाही. म्हणजे बंदच की!

भैयाजींना वाचून दाखवलं. मालक आहेत, पण मशीनच्या बाबतीत लहान मूल. म्हणाले, "आपला ट्रक जुना झाला तं आपण काय कारखान्याले विचारतो का, चालवू का म्हणून? चालवतोच नं! मंग हे काहून बंद करून राहिले?"

मी म्हटलं, कारण हा ट्रक दरवर्षी त्यांच्याच हातची किल्ली मागतो.

ते उठून स्टॅबिलायझर पुसायला लागले.

२१ फेब्रुवारी

पुण्याला ट्रंक कॉल. जोडून मिळायला सकाळ गेली. उत्तर एकच — नवं व्हर्जन घ्या. माणूस पाठवतो.

२४ फेब्रुवारी

आगाशे आले. पुण्याचे. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला बाहेर काढायच्या हा भैयाजींचा नियम, त्यांनी बूट काढले तर मोज्याला भोक! दिवसभर एक पाय दुसऱ्या पायाखाली दडवून बसले होते बिचारे.

नवं व्हर्जन देखणं आहे, खोटं कशाला बोलू. झरझर चालतं. जुन्यात शंभरावर ड्रायव्हरांचा आठवड्याचा चार्ट काढायला अर्धी सकाळ जायची, हे चहा संपायच्या आत काढतं. पण दोन गोष्टी त्यात नाहीत. एक, ड्रायव्हरचं गाव. दुसरी, जोडी. लांबच्या लाइनवर दोन ड्रायव्हर जातात. आमच्याकडे ते दोघं ठरलेले असतात, वर्षानुवर्षं. नव्यात जो मोकळा असेल तो जाईल.

आगाशे म्हणाले, "मॅडम, ड्रायव्हरचं गाव विचारून ड्यूटी लावायची पद्धत मी तरी दुसरीकडे कुठे पाहिली नाही."

आता त्यांना काय सांगू! भैयाजींच्या वडिलांनी पहिले ट्रक रामटेकच्या ड्रायव्हरांच्या भरवशावर चालवले. तेव्हा त्यांना शब्द दिला होता — संध्याकाळी तुम्ही आपल्या घरी. रामटेकची शेवटची बस चुकली की माणूस यार्डातच अडकायचा, म्हणून. पुढे कॉम्प्युटर आला तेव्हा आमचे तेव्हाचे ड्यूटी क्लार्क नत्थूजी प्रोग्राम लिहिणाऱ्याच्या मानगुटीवर बसले आणि हा नियम आत घालून घेतला. ड्रायव्हरच्या कार्डावर गाव 'रामटेक' असलं की मशीन त्याला सूर्य मावळल्यावरची गाडी देत नाही. वाडीच्या यार्डात तर म्हणच आहे — रामटेकवाल्याले रातची गाडी नाही.

आगाशे हसले. म्हणाले, जुन्या व्हर्जनमध्ये असे पुष्कळ किडे असतात.

मला राग आला. किडे आमचे असले तरी त्यांना बोलायचा हक्क आमचा.

२६ फेब्रुवारी, रविवार

इंदोऱ्याला, आमच्या जुन्या वस्तीत, आई-बाबांकडे. आईने सांबारवडी केली होती. बाबा आमच्याच कंपनीत लाइनवर. क्लीनर म्हणून लागले ते आता सगळ्यात जुने ड्रायव्हर. निवृत्तीला दोन वर्षं. माझी नोकरीही त्यांच्याच शब्दावर लागली, हे मला रोज कुणी ना कुणी ऐकवतंच.

जोडी तुटणार हे सांगितलं. बाबांची जोडी धोंडबाकाकांशी, पलीकडच्या गल्लीत राहतात ते. लाइनवरून परत आले की काका पुढे, बाबा ट्रंक घेऊन मागे, असे दोघं घरापर्यंत येतात आणि काका चहा पिऊनच जातात. मी चिडवलं — लग्नाची बायको इतकी वर्षं सोबत राहत नाही, एवढं काय अडलंय तुमचं? आई एकदम म्हणाली, "चूप बैस वं."

निघताना दिवेलागण झाली. पूर्वी बाबा बॅटरी घेऊन स्टॉपपर्यंत सोडायला यायचे. आता आईला पाठवतात. आज तर ओट्यावरून उठलेसुद्धा नाहीत. रागावलेत. जसं काही पुण्याचं पत्र मीच लिहिलं!

२ मार्च

नव्या व्हर्जनचा एक नमुना चार्ट यार्डात चिकटवला, नुसता बघायला. मोठी चूक झाली. आता झोप गेली ती माझी.

दुपारी बाबाराव आले. ड्रायव्हर. धिप्पाड माणूस. नमुन्यात त्यांचं नाव जबलपूरच्या रात्रीच्या गाडीवर. "मॅडम, मी रामटेकचा. मले रातची गाडी कशी लागली?"

मी म्हटलं, नवीन मशीनला गाव कळत नाही. तुमची राहायची सोय यार्डात करू, शेवटच्या बसची काळजी नको.

"नाही नाही, मले घरी जाच लागते."

मी सहज विचारलं, रामटेकला कुठे राहता? म्हणाले, बसस्टँडजवळ. कोणत्या बाजूला? माझी मावशी तिथलीच, मला सगळं माहीत. बाबारावांना स्टँडवरून गड कोणत्या हाताला दिसतो तेही सांगता येईना. मग दाराकडे बघितलं, कुणी नाही अशी खात्री केली आणि म्हणाले, "मी इथलाच, महालातला हाये. रामटेक मी एकदाच पाह्यलं, लग्नात."

मग कार्डावर रामटेक कसं?

"नत्थूजीनं लावून देल्लं. मले रात्री दिसत नाही, मॅडम. दिवसा बराबर दिसते. अंधार पडला का समोरून येणाऱ्या लाइटाशिवाय काहीच नाही. कोणाले सांगू नका. लेकरं हायेत."

मी कार्डं काढली. रामटेकवाले केवढे तरी आहेत! मी इतकी वर्षं ही नावं टाईप करतेय आणि कधी मनात आलं नाही, की एका गावात एवढे ड्रायव्हर कुठून निघाले?

५ मार्च, रविवार

नत्थूजींकडे गेले, महालात. निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा. रिक्षा गल्लीत शिरेना, चालतच गेले. बनियन घालून बसले होते, मला बघून ना आनंद ना राग. तंबाखू मळता मळता ऐकून घेतलं.

मग छाती पुढे काढून सांगायला लागले, जणू शौर्यपदक मिळालंय! कुणाला रातआंधळेपणा, कुणाला एकदा फीट आली, एकाला छातीत दुखायचं. मशीनमध्ये आजाराला जागाच नाही. पुण्यावाल्यांना विचारलं तर म्हणाले, आजारी असेल तर कामावर ठेवता कशाला? "मंग म्या रामटेक लावून देल्लं. कोणाच्या बापाचं काय गेलं? माणूस दिवसा गाडी चालवते, पोट भरते. आजपर्यंत एक तरी ट्रक पडला का त्यायच्या हातून? सांग!"

नाही पडला. तेही खरं.

मी म्हटलं, नावं सांगा. एक तारखेपासून हे सगळे रात्री रस्त्यावर असतील. नाव कळलं तर काही करता येईल.

"शब्द देल्ला हाये त्यायले. भैयाजीले कळलं का उद्या लायसन्स जाते, परवा नोकरी."

आणि ट्रक झाडावर गेला की?

उठून आत गेले. त्यांच्या बायकोने पोहे दिले. खाल्ले, आले निघून. काय करणार!

९ मार्च

पुण्याला परत ट्रंक कॉल. आगाशेंना विनवणी — जुन्याची एक वर्षाची फ्लॉपी द्या, हवे ते पैसे घ्या. नाही. जुन्यावर काम करणारा मुलगासुद्धा सोडून गेला म्हणे. मग नव्यात फक्त एक रकाना द्या, 'रात्री नको' एवढाच. "पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की विचार करू, मॅडम."

पुढचं व्हर्जन पुढच्या वर्षी. आणि इथे संत्र्याच्या मृगबहाराची तोडणी सुरू झालीय. माल संध्याकाळी भरतात, गारव्यात निघतो. रात्रीच्या गाड्या दुप्पट.

१३ मार्च

अकरा दिवस ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. जेवण जात नाही. सांगितलं तर त्यांची रोजी, नाही सांगितलं तर त्यांचा जीव — आणि समोरच्याचाही. रस्त्यावर काय फक्त आमचेच ट्रक असतात?

हे म्हणाले, तू क्लार्क आहेस, देव नाहीस, मालकाला सांगून मोकळी हो. प्राथमिक शाळेत शिकवलं की सगळं एवढं सोपं दिसतं वाटतं.

१५ मार्च

सांगितलं. नाव एकही घेतलं नाही.

भैयाजी आधी ओरडले. नत्थूजींच्या सात पिढ्या काढल्या. मग पाणी प्यायले. मग बापाच्या फोटोकडे बघून म्हणाले, "माह्या बापाच्या शब्दाचं काय करून ठेवलं या माणसानं!"

मी म्हटलं, सगळ्यांचे डोळे तपासून घ्या. रामदासपेठेत ऑफिसच्या समोरच डॉक्टर आहेत. तर म्हणाले, "सीझनच्या तोंडावर? आणखी वीस निघाले तं संत्री काय माह्या डोक्यावर नेऊ? सीझन झाल्यावर पाहू."

शेवटी ठरलं ते असं. एकतीस मार्चपर्यंत जो स्वतः येऊन सांगेल त्याला ते ठेवतील, दिवसाच्या कामावर. एक एप्रिलनंतर जो सापडला तो घरी. "लपवणारा मले नाही पाह्यजे. मंग तो कोणी असो. आणि मॅडम, तुमच्या शब्दावर हे करून राहिलो. तुमच्या चार्टावर एकही रातआंधळा नाही, हे तुम्ही मले सांगान."

हो म्हणून आले.

१७ मार्च

तोड निघाली. नव्या व्हर्जनमध्ये 'लोकल' नावाची वेगळी शाखा आहे, शहरातल्या डिलिव्हरीसाठी. ती संध्याकाळी बंद होते. ड्रायव्हरला 'लोकल'मध्ये टाकलं की मशीन त्याला लाइनवर धाडतच नाही. मग तो अमरावतीला जाऊन दिवेलागणीच्या आत परत आला तरी मशीनच्या लेखी तो शहरातल्या गांधीबागेतच.

म्हणजे मीही रामटेकच केलं की! नत्थूजींना कळलं तर नाचतील.

बाबाराव पहिले 'लोकल'. मशीनला हळदकुंकू लावायचं राहिलं होतं तेवढं त्यांनी केलं.

१९ मार्च, रविवार

इंदोरा. बाबा ओट्यावर. मी विचारलं, बाबा, यार्डात तुम्हाला सगळ्यांचं माहीत असतं. अजून कोण आहे?

"असन कोणी. सांगायचं तं सांगन तो."

वेळ एकतीसपर्यंतच आहे हो.

"नवीन मशीन जोडी अजिबात ठेवत नाही का?"

नाही म्हटलं. परत तेच! लोकांचे जीव टांगणीला आणि यांना जोडीची पडलीय. जरा जोरातच बोलले. आई मध्ये पडली — "तुले सांगून काय उपयोग, तू कंपनीची माणूस." हे मला फार लागलं. कंपनीची माणूस! मी कुणासाठी धावतेय मग?

स्टॉपवर आईच आली.

२३ मार्च

येताहेत. एकेक. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत, कुणी नसताना. सगळ्यांचं पहिलं वाक्य एकच, "माहे डोळे चांगले हायेत." मग चहा पाजला, बसवलं, की दुसरं वाक्य. जे रामटेकचे खरोखरचे आहेत तेही आले, आमच्या बसचं काय म्हणून भांडायला! त्यांच्यासाठी यार्डात खाटा टाकायच्या ठरल्या.

एकाला विचारलं, इतकी वर्षं बायकोला तरी सांगितलंत का? म्हणाला, "बायकोनंच तं पह्यले ओळखलं."

२५ मार्च

नत्थूजी ऑफिसात! स्वतःहून! धोतर परीटघडीचं, जणू वरातीला निघाले. माझी यादी मागितली. चष्मा चढवून वाचली, वरून खाली, परत वरून खाली.

"रामटेकवाले बराबर हायेत. एक राहिला."

कोण?

"तो रामटेकवाला नाही. मी त्याले म्हटलं होतं रामटेक लावून देतो. म्हणे, खोटं गाव नाही लावत मी. जिथला हाये तिथलाच राहीन. मंग त्याची तोड म्या अलग काढली."

कोणती तोड? नाव सांगा, नत्थूजी. पाया पडते.

"नाव माह्या तोंडून निघणार नाही. आणि तुले तं मुळीच नाही सांगत, पोरी."

तुले तं मुळीच नाही! का, तर मी त्यांच्या खुर्चीवर बसले म्हणून. बाईमाणूस, वर आमच्या वस्तीतली. बोलले नाहीत, पण मला कळतं. डोळ्यात पाणी आलं रागाने. त्यांच्या चपला मी पायाने सरकवून ठेवल्या दाराबाहेर. लहानपणा केला, असू दे.

२८ मार्च

सापडला! आणि सापडला म्हणून आनंद करू की रडू?

दुपारी धोंडबाकाका आले. चपला बाहेर, टोपी हातात, दारातच उभे. मी लहानपणी यांच्या खांद्यावर बसून जयंतीची मिरवणूक बघितलेली, आणि आज मला 'बाई' म्हणत होते.

"पुष्पाबाई, आमची जोडी नको तोडू वं."

काका, मी नाही तोडत. मशीन तोडतं.

"रात्री आनंदराव, तुहा बाप, बाजूले नसला तं माही गाडी चालत नाही. तेवढं कर. आम्हाले दोघाले कुठंही पाठव, कलकत्त्याले पाठव, पण संग पाठव."

आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. नत्थूजींची वेगळी तोड म्हणजे जोडी! जुन्या व्हर्जनला जोडी फोडता येत नाही. काकांना रात्री दिसत नाही, म्हणून त्यांना कायम बाबांच्या गळ्यात बांधून ठेवलं. नाव मला सांगायचं नाही, कारण काका मला घरच्यासारखे. म्हणून बाबा जोडीचं सारखं विचारत होते, म्हणून आई गप्प बस म्हणाली. सगळं जुळलं.

विचारलं, काका, तुमचे डोळे? खाली बघून म्हणाले, "माहे डोळे चांगले हायेत." पहिलं वाक्य! मी म्हटलं, काका, घाबरू नका, तुमची नोकरी कुठे जात नाही. ते परत म्हणाले, चांगले हायेत वं, देवाशप्पथ. मग काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी चहा मागवेपर्यंत निघून गेले होते.

आणि बाबा! इतकी वर्षं रात्र रात्र एकट्याने गाडी ओढत आले, मित्रासाठी, आणि घरात एक शब्द नाही. मी त्यांच्यावर ओरडले होते त्या दिवशी. मला माझ्या बापाचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

२९ मार्च

धोंडबाकाकांना 'लोकल'मध्ये टाकलं.

ऑफिसातून परस्पर इंदोऱ्याला गेले, उन्हातच, अर्धी सुट्टी काढून. बाबांना सांगितलं — मला कळलं सगळं. काका सुरक्षित आहेत आता. तुम्ही त्यांच्यासाठी जे केलंत ते अख्ख्या यार्डात कुणी करणार नाही. पाया पडले त्यांच्या.

बाबांनी मला हाताला धरून उठवलं. मग म्हणाले, "धोंड्याले लोकल केलं?"

हो.

"त्यानं काही सांगतलं?"

काही नाही. डोळे चांगले आहेत एवढंच. सगळेच म्हणतात तसं.

"हं." मग, "माहं नाव कुठं हाये तुह्या मशीनमध्ये?"

लाइनवर! रायपूर. कंपनीचा सगळ्यात भरवशाचा ड्रायव्हर तुम्ही. मी हसत म्हटलं. बाबा हसले नाहीत. आई भाकरी थापताना थांबली आणि बाबांकडे बघायला लागली, तर त्यांनी हाताने तिला खूण केली. काय ते कळलं नाही. मित्र सोबत नसणार, वाईट वाटणारच.

३१ मार्च

जुन्या व्हर्जनचा शेवटचा चार्ट काढला. प्रिंटर नेहमीसारखा मध्येच अडकला, मी नेहमीसारखी त्याला चापट मारली. भैयाजींनी नव्या फ्लॉपीसमोर नारळ फोडला. आगाशे आले होते, यावेळी मोजे नवीन.

भैयाजींनी सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, चार्टावर आता कोणी नाही नं?"

कोणी नाही, म्हटलं. छातीवर हात ठेवून.

नत्थूजींना निरोप पाठवला — शेवटचाही सापडला.

१ एप्रिल

चालू झालं. बिनतक्रार. किती दिवसांनी भूक लागली!

३ एप्रिल

बाबा रायपूरला निघाले, संत्री घेऊन, संध्याकाळी. सोबत इसरार, नवा मुलगा, लाइनवर पहिलाच सीझन. नव्या व्हर्जनमध्ये अर्धी रात्र एकाने, अर्धी दुसऱ्याने, असं छापूनच येतं.

ऑफिस सुटताना धोंडबाकाका खाली फाटकाशी उभे होते. मी हाक मारली. ऐकलं नाही बहुतेक.

४ एप्रिल

रायपूरचा माल वेळेत पोचला नाही. तिथल्या व्यापाऱ्याचा सकाळी फोन, भैयाजींचा आवाज तिसऱ्या मजल्यापर्यंत. दुपारी इसरारचा फोन आला, मीच घेतला. "मॅडम, मैं तो अपनी बारी चलाके सो गया था. सुबह आँख खुली तो गाड़ी देवरी के आगे साइड में खड़ी है, जहाँ मैंने छोड़ी थी. चाचा स्टीअरिंग पे हाथ रखके बैठे थे. रात भर ऐसेच बैठे रहे. बोले इंजिन गरम हो गया."

रायपूरच्या मिस्त्रीने बघितलं. इंजिन ठीक. पाणी ठीक. बेल्ट ठीक.

भैयाजी म्हणाले, "आनंदराव तसा माणूस नाही. झोपला असन का? पण झोपणारा माणूस बसून कायले राहीन? मॅडम, तुमचेच वडील. विचारून मले सांगा."

बाबा खोटं बोलत नाहीत. इंदोऱ्याचे असून रामटेकचे म्हणवून घ्यायचे नाहीत, असे —

नाही. डोक्यात आलं ते लिहिणार नाही. उद्या ते परत येतील, मग बघू.

५ एप्रिल

संध्याकाळी गेले. लाइट गेलेली, आई आत कंदिलाची काच पुसत होती. बाबा ओट्यावर. मी त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिले, हात लांबवला तर लागेल इतकी जवळ. मुद्दाम बोलले नाही. बाबांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, "कोण? धोंड्या का गा?"

मी फक्त 'बाबा' म्हटलं.

ते म्हणाले, "तू पाया पडली नं त्या दिवशी. मंग कसं सांगू?"

स्टॉपपर्यंत सोडायला आले आज. हात माझ्या हातात होता. बस दिसली तेव्हा म्हणाले, "उद्या भैयाजीले सांग. माहं नाव घे. गाव इंदोराच सांग."